पाकिटातल्या काळ्या पुडीविषयी : जिवाणू खते बनवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
जिवाणू खतांचे छोटे प्रकल्प चालवणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, बचत गट आणि ही खते विकणारे कृषी सेवा केंद्रचालक यांस,

विषय : जिवाणू खतातील वाहकाची निवड, निर्जंतुकीकरण, ओलावा आणि साठवण

सप्रेम नमस्कार.

खरिपासाठी रायझोबियम (डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांची पाकिटे भरायला फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात होते. शेतकऱ्याच्या हाती ती पडतात जूनमध्ये. मधला सगळा उन्हाळा जिवाणूंना त्या पाकिटातच काढायचा असतो. प्रकल्पाच्या बैठकीत फर्मेंटर (जिवाणू वाढवायची टाकी) किती लिटरचा घ्यायचा, मदर कल्चर म्हणजे मूळ जिवाणू राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आणायचे की परभणीच्या, यावर तासन्‌तास चर्चा होते. ज्या काळ्या पुडीच्या भरवशावर जिवाणू एप्रिल-मे काढणार, तिची खरेदी मात्र टनाचा भाव विचारून उरकली जाते. तिलाच आपण वाहक किंवा कॅरिअर म्हणतो. फर्मेंटर कितीही चांगला असला तरी वाहक चुकला की जूनमध्ये पाकिटात नुसती पूड उरते, म्हणून हे पत्र.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. जिवाणू खते २००६ साली खत (नियंत्रण) आदेश, १९८५ च्या कक्षेत आली. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, पीएसबी यांच्या पुडीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी. नमुना १ लाख पट विरळ केल्यावर त्यात परका जंतू दिसता कामा नये. पुडीचा सामू (पीएच, आम्लता-क्षारतेचे माप) ६.५ ते ७.५ आणि ओलावा ३० ते ४० टक्के असावा. पूड ०.१५ ते ०.२१२ मिमीच्या चाळणीतून पूर्ण उतरावी. वाहक कोणता घ्यायचा हे आदेशाने बऱ्यापैकी मोकळे ठेवले आहे : पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), लिग्नाइट (तपकिरी दगडी कोळसा), ह्यूमस, लाकडी कोळसा किंवा जिवाणूला मानवणारा असाच दुसरा पदार्थ.

हा ५ कोटींचा आकडा शेतात नेऊन पाहा. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम धरले तर १० किलो बियाण्यात सुमारे ८३ हजार दाणे भरतात. त्यांना लावायच्या २५० ग्रॅमच्या पाकिटात, किमान अट पाळली असेल तर, १,२५० कोटी पेशी असतात. सगळी पूड दाण्यांना चिकटली असे मानले तरी एका दाण्याच्या वाट्याला दीड लाख येतात. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्यासाठी ऑस्ट्रेलियात दाण्यामागे १ लाख जिवंत पेशींचा निकष आहे. म्हणजे आपली किमान अट जेमतेम पुरते. पाकिटातली संख्या दहा पटींनी घटून ५० लाखांवर आली तर दाण्यामागे १५ हजार उरतात, आणखी दहा पटींनी घटली तर दीड हजार. पाकीट हातात घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही; पूड तितकीच काळी आणि तितकीच मऊ असते.

सगळे जिवाणू सारखे चिवट नसतात, हे प्रकल्प आखतानाच ध्यानात घ्या. पीएसबी म्हणून वापरला जाणारा बॅसिलस मेगाटेरियम बीजाणू (उष्णतेतही तगणाऱ्या सुप्त पेशी) करतो आणि साध्या टाल्कमध्येही (शंखजिऱ्याच्या पुडीतही) तगून राहतो. ॲझोटोबॅक्टर भोवती जाड कवच करून काही काळ तग धरतो. रायझोबियम, ब्रॅडीरायझोबियम, ॲझोस्पिरिलम आणि स्यूडोमोनास यांच्याकडे असा बचाव नाही. बीजाणू करणाऱ्या पीएसबीची बॅच पास झाली म्हणून त्याच पुडीत, त्याच पद्धतीने रायझोबियम भरणे ही या धंद्यातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. त्यातही सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम फार सावकाश वाढतो. त्याची संख्या दुप्पट व्हायला सहा-आठ तास लागतात. पुडीतले परके जंतू तेच काम अर्ध्या तासात करतात. निर्जंतुक न केलेल्या वाहकात ही शर्यत कोण जिंकणार, ते वेगळे सांगायला नको.

आता वाहक निवडायचा कसा ते पाहू. जगभर सर्वांत जास्त अनुभव पीटचा आहे, पण महाराष्ट्रात पीट नाही. निलगिरी डोंगरांतल्या दलदलीचे पीट उकरून आणणे हे तिथल्या शोला-गवताळ प्रदेशावर घाला घालण्यासारखे आहे. तो विचारही करू नये. आपल्याकडे बहुतेक प्रकल्प लिग्नाइट वापरतात, आणि नीट तयार केला तर तो चांगला वाहक आहे. तो येतो तमिळनाडूतल्या नेयवेलीहून, गुजरातमधून किंवा राजस्थानातून, आणि या तिन्ही ठिकाणचा माल एकसारखा नसतो. नेयवेलीच्या लिग्नाइटात गंधक कमी असते, कच्छच्या लिग्नाइटात जास्त. हे गंधक मोठ्या प्रमाणात पायराइटच्या (लोह-गंधकाच्या खनिजाच्या) रूपात असते. हवा आणि ओलावा मिळाला की त्याचे हळूहळू आम्ल होते. भरताना सात असलेला सामू दोन महिन्यांनी साडेपाचवर येण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून नवा लॉट आला की एक किलो पूड काढा, चुनखडी मिसळून सामू सातवर आणा, ४० टक्के ओली करून तीन आठवडे झाकून ठेवा आणि सामू पुन्हा तपासा. सामू खाली आला तर तो लॉट रायझोबियमसाठी घेऊ नका.

लिग्नाइट मुळात आम्लधर्मी असतो. किती चुनखडी लागेल ते पुस्तकात पाहून ठरत नाही, दर लॉटला काढावे लागते. पाच बरण्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम पूड घ्या. त्यांत अनुक्रमे १, २, ३, ४ आणि ५ ग्रॅम बारीक कॅल्शियम कार्बोनेट घाला, प्रत्येकीत २५० मिलि पाणी घालून ढवळा. सामू २४ तासांनी मोजा आणि ७२ तासांनी पुन्हा. ७२ तासांनी जी बरणी ६.८ ते ७.० दाखवेल, ते तुमचे प्रमाण. तासाभरातच मोजून प्रमाण ठरवले तर फसाल, कारण कार्बोनेट सावकाश विरघळते आणि लिग्नाइटमधली आम्लेही सावकाश बाहेर पडतात. मिसळल्यावर कर्बवायू सुटतो. दोन-तीन दिवस उघडे न ठेवता पूड पिशव्यांत भरली की पिशव्या फुगतात. कळीचा किंवा भिजवलेला चुना मात्र वापरू नका. तो थोडा जरी जास्त पडला तरी सामू आठ-नऊच्या पुढे जातो आणि मग खाली आणता येत नाही.

लाकडी कोळशाची अडचण नेमकी उलटी. त्यात राख असते, म्हणून सामू आठ ते दहा. दोन-तीनदा पाण्याने धुऊन, वाळवून, लिग्नाइटमध्ये मिसळला तर दोघांचेही दोष बरेच कमी होतात आणि चुनखडीही कमी लागते. कोकणात कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) सहज मिळते आणि ते पाणी भरपूर धरते. पण काथ्याच्या धंद्यात नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर त्यात मीठ भरपूर उतरते. गोड्या पाण्याने धुवून ईसी (क्षारांचे माप) मोजल्याशिवाय ते वापरू नये. साखर कारखान्यांची प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) स्वस्त असते, पण ताजी प्रेसमड तापते, तिच्यात मेण असते आणि जंतूंची गर्दी असते; पूर्ण कुजवून, वाळवून, दळून आणि निर्जंतुक करूनच तिचा विचार करावा. गांडूळखत किंवा शेणखत 'नैसर्गिक' म्हणून वाहकात घालणारेही भेटतात. ही खते शेताला उत्तम आहेत, पण दर ग्रॅमला कोट्यवधी परके जंतू घेऊन येतात, त्यामुळे वाहक म्हणून चालत नाहीत. टाल्क स्यूडोमोनाससाठी चालते : १ किलो टाल्क, १५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, १० ग्रॅम सीएमसी (चिकटवणारा पदार्थ) आणि ४०० मिलि ब्रॉथ (जिवाणू वाढवलेला द्रव), ही तमिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत सर्वत्र रुळली आहे. रायझोबियमसाठी मात्र टाल्क कमकुवत पडते. ते पाणी धरत नाही, आणि जिवाणूला खायलाही त्यात काही नसते.

दळणाबद्दल एवढेच. पूड बारीक हवी ती दाण्याला चिकटण्यासाठी आणि ब्रॉथ सगळीकडे सारखा पसरण्यासाठी. लिग्नाइटची हवेत उडालेली धूळ ठिणगीने भडकते आणि मोठ्या ढिगात लिग्नाइट आपोआपही तापतो. चक्कीला अर्थिंग द्या, धूळ ओढणारा पंखा बसवा, माणसांना मास्क द्या, ढीग कमी उंचीचे ठेवा. कोरड्या भट्टीत १६० अंशांवर लिग्नाइट निर्जंतुक करायला जाऊ नका, आग लागते.

आता निर्जंतुकीकरण. सर्वांत जास्त बॅच इथेच बिघडतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत. डांबरी अंगणावर चार दिवस ऊन दाखवल्याने पूड वाळते, निर्जंतुक होत नाही. फॉर्मेलिन मारून ठेवल्यास त्याचा अंश मागे राहतो आणि तोच तुमच्या कल्चरला मारतो. छोट्या प्रकल्पाच्या आवाक्यातला खरा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), पण त्यालाही रीत आहे. कोरड्या पुडीच्या मधोमध हवा अडकून राहते आणि वाफ आत शिरत नाही, म्हणून पूड आधी १० ते १५ टक्के ओलसर करून रात्रभर मुरू द्या. एका पिशवीत १ किलोपेक्षा जास्त भरू नका आणि पिशवी आडवी ठेवल्यावर थर चार-पाच सेंटिमीटरचाच राहू द्या. पाच-दहा किलोंचे पोते ऑटोक्लेव्हमध्ये उभे केले तर बाहेरचा थर निर्जंतुक होतो आणि गाभा कोमट राहतो. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची हवी. साधी एलडीपीई (नेहमीच्या मऊ पिशवीचे प्लास्टिक) १२१ अंशांना वितळते. तोंडाशी कापसाचा बोळा हवा. सगळी हवा निघून गेल्यावर १५ पौंड दाब आणि १२१ अंश धरून एक तास. मग पिशव्या २४ तास ३० अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे वाचलेले बीजाणू उगवतील; दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. विजेचे बिल पाहून अनेक जण पहिल्या फेरीवरच थांबतात. पहिल्या फेरीत सगळेच बीजाणू मरतात असे नाही. उलट गरम, ओलसर, स्पर्धक नसलेल्या पुडीत वाचलेले आणखी जोमाने उगवतात. त्यामुळे एकाच फेरीची पूड कधीकधी कच्च्या पुडीपेक्षाही वाईट निघते.

ऑटोक्लेव्ह टेपचा रंग बदलला म्हणजे पूड निर्जंतुक झाली असे समजू नका. टेप फक्त बाहेरच्या उष्णतेची साक्ष देते. दर फेरीतल्या एका पिशवीच्या गाभ्यातून १ ग्रॅम पूड काढा, १० मिलि निर्जंतुक पाण्यात हलवा आणि न्यूट्रिएंट अगरवर (जंतू वाढवून पाहायच्या घट्ट माध्यमावर) पसरून ४८ तास पाहा. ब्रॉथच्या नळीत घालून गढूळपणा पाहण्याचा काही उपयोग नाही, लिग्नाइट स्वतःच पाणी काळे करतो. निर्जंतुकीकरणानंतर सामूही पुन्हा मोजा, तो थोडा सरकलेला असतो.

दुसरा मार्ग गॅमा किरणांचा. ऑस्ट्रेलियात पीट पाकिटात भरून ५० किलोग्रे मात्रेने निर्जंतुक करतात आणि मग ब्रॉथ सुईने आत सोडतात. यात साधी एलडीपीई पिशवी चालते, थराच्या जाडीची फारशी चिंता नसते आणि पुडीचे रसायन कमी बिघडते. आपल्याकडे वाशीला मसाल्यांसाठी आणि ट्रॉम्बेला वैद्यकीय साहित्यासाठी सरकारी गॅमा केंद्रे आहेत. वैद्यकीय साहित्याला साधारण २५ किलोग्रे लागतात, वाहकाला त्याच्या दुप्पट, म्हणून एका कंपनीच्या चार पोत्यांसाठी हे परवडणार नाही. पण एका जिल्ह्यातल्या दहा कंपन्यांनी एकत्र येऊन लिग्नाइट घेतला, एकाच ठिकाणी दळला, सामू जुळवला, पाकिटे भरली आणि सगळा लॉट गॅमासाठी पाठवला, तर हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दहा निकृष्ट ऑटोक्लेव्ह विकत घेण्याआधी हा हिशेब जरूर मांडा.

निर्जंतुक वाहकाचा खर्च पुढे वसूल होतो. निर्जंतुक पुडीत जिवाणूला कोणी स्पर्धक नसतो, त्यामुळे पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत तो पाकिटातच अनेक पटींनी वाढतो. हवाई विद्यापीठाच्या निफ्टाल प्रकल्पाने तर १९८० च्या दशकात दाखवून दिले की निर्जंतुक पीटमध्ये पुष्कळ विरळ केलेला ब्रॉथ घातला तरी शेवटी संख्या जवळपास तेवढीच भरते. छोट्या फर्मेंटरवाल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र पूड खरोखर निर्जंतुक असेल तरच हे साधते. कच्च्या पुडीत विरळ ब्रॉथ घातला तर बॅच हातची गेलीच.

ओलाव्याचा हिशेब प्रत्येक लॉटला नव्याने करावा लागतो आणि तो सोपा आहे. १० ग्रॅम पूड १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, घटलेले वजन म्हणजे ओलावा. समजा १ किलो पुडीत १० टक्के ओलावा आहे. कोरडी पूड ९०० ग्रॅम. शेवटी ३८ टक्के ओलावा हवा असेल तर ९०० ला ०.६२ ने भागा. उत्तर १,४५२ ग्रॅम, म्हणजे ब्रॉथ घालायचा ४५० मिलि. 'किलोला अर्धा लिटर' असा ठोकताळा अनेक ठिकाणी चालतो. १० टक्क्यांच्या पुडीत अर्ध्या लिटरने बरोबर ४० टक्के भरतात, म्हणून तो खपून जातो. तीच पूड पावसाळी हवेत राहून किंवा ऑटोक्लेव्हमधून ओली निघून २० टक्क्यांवर आली असेल, तर त्याच अर्ध्या लिटरने ओलावा ४६-४७ टक्क्यांवर जातो. पुडीचे गोळे होतात, कणांमधली हवा जाते. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, पीएसबी हे आपले चारही गट चांगले वाढतात हवेवर, आणि हवा संपली की कमी हवेत जगणारे परके जंतू माजतात. पाकिटाला आंबूस वास येतो तो त्यांचाच. २० टक्क्यांच्या त्या पुडीला खरे म्हणजे २९० मिलिच पुरते.

ब्रॉथमध्ये दर मिलिलिटरला १०० कोटी पेशी असल्या तर वरच्या पहिल्या हिशेबाने पाकिटात ग्रॅमला सुमारे ३० कोटी पडतात, म्हणजे किमान अटीच्या सहा पट. उन्हाळ्यासाठी हातात असलेली शिल्लक एवढीच. ब्रॉथ घाईने काढला आणि तो १० कोटींचाच निघाला, तर पुडीत ३ कोटी पडतात आणि कच्च्या वाहकात ते पाकीट पहिल्याच दिवशी नापास असते. ब्रॅडीरायझोबियमला फर्मेंटरमध्ये पाच-सात दिवस लागतात; तिसऱ्या दिवशीच ब्रॉथ दाट दिसला तर खुश होऊ नका, ग्रॅम स्टेन करून, म्हणजे पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली, परके जंतू नाहीत ना ते पाहा.

कोरड्या पुडीत पाणी शिरताना ती तापते. ब्रॉथ घालून लगेच पाकिटे सील केली की ही उष्णता आतच अडकते. म्हणून मिसळलेला माल स्वच्छ ट्रेमध्ये पाच ते दहा सेंटिमीटर थराने पसरा, निर्जंतुक कागदाने झाका आणि २८ ते ३० अंशांच्या खोलीत दोन-तीन दिवस मुरू द्या. तोवर उष्णता निघून जाते, ओलावा सगळीकडे सारखा होतो आणि पेशी नव्या जागेला सरावतात. फरशीवर फावड्याने कालवण्याची पद्धत बंदच करा. तीन दिवस ऑटोक्लेव्ह चालवून कमावलेले सगळे त्या फरशीवर पाच मिनिटांत जाते.

पाकीट एलडीपीईचे, ५० ते ७५ मायक्रॉन जाडीचे घ्या. त्यातून पाण्याची वाफ कमी जाते आणि प्राणवायू थोडा थोडा आत येतो, म्हणजे जिवाणूला हवे तेच. चकचकीत ॲल्युमिनियमचे बहुथरी पाकीट दुकानात उठून दिसते, पण हवा पूर्ण रोखते. पाकीट दोन तृतीयांश भरा, वर हवेला जागा ठेवा. सील नीट झाले की नाही ते काट्यावर कळते. दर बॅचची दहा पाकिटे खुणा करून बाजूला ठेवा आणि आठवड्याला वजन घ्या. ३८ टक्के ओलाव्याच्या २५० ग्रॅम पाकिटात ९५ ग्रॅम पाणी असते. वजन २२५ झाले म्हणजे ओलावा ३१ टक्के, अजून कायद्याच्या आत. २०० झाले म्हणजे २२-२३ टक्के, आणि आतल्या रायझोबियमची आशा सोडा. या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, दुकानदारालाही ती करता येते.

मोजणी मात्र प्रयोगशाळेतच होते आणि ती बाहेरच्या अहवालावर सोडू नका. १० ग्रॅम पूड ९० मिलि निर्जंतुक पाण्यात दहा-पंधरा मिनिटे चांगली हलवा. हे कमी पडले तर कणांना चिकटलेल्या पेशी सुटतच नाहीत आणि चांगली बॅच नापास ठरते. पुढे दहापटीने विरळ करत जा, ०.१ मिलि काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल अगरवर पसरा. रायझोबियमच्या वसाहती पांढुरक्या, ओलसर राहतात. बहुतेक परके जंतू लाल रंग शोषतात. १० लाख पट विरळ केलेल्या नमुन्याच्या प्लेटवर ४५ वसाहती आल्या तर ग्रॅमला ४५ कोटी. हरभऱ्याचा रायझोबियम तीन ते पाच दिवसांत दिसतो, सोयाबीनचा सात-दहा दिवस घेतो. तिसऱ्या दिवशी प्लेट पाहून 'वाढ नाही' किंवा, त्याहून वाईट, 'भरपूर वाढ' असे लिहिणारे अहवाल सोयाबीनच्या बाबतीत निरर्थक आहेत. तिसऱ्या दिवशी जे भरपूर वाढले, ते सोयाबीनचे नव्हेच.

कृषी सेवा केंद्रचालकांना एक आग्रहाची विनंती. पत्र्याच्या छताखालचे गोदाम मे महिन्यात बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते, आणि विदर्भात बाहेरच ४४-४५ अंश असतात. रायझोबियमला २८ अंश मानवतात, ४० च्या पुढे तो झपाट्याने मरतो. पाकिटे युरियाच्या थप्पीवर किंवा कीटकनाशकांच्या कपाटात ठेवू नका, काचेच्या दर्शनी भागात तर नकोच. एसी परवडत नसेल तर भाजीपाल्यासाठी वापरतात तो शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा : विटांच्या दोन भिंती, मध्ये साधारण साडेसात सेंटिमीटरची फट, त्यात वाळू, सकाळ-संध्याकाळ पाणी, वर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे ओले झाकण. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त उतरते. कोकणातल्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे माल उशिरा, मेच्या अखेरीस आणि गरजेपुरताच मागवा.

'आम्ही आता द्रवरूपच करतो, वाहकाचा प्रश्नच मिटला,' असे काही कंपन्या म्हणतात. द्रवरूपात पीव्हीपी, ग्लिसरॉल, ट्रेहॅलोज ही द्रव्ये वाहकाचेच काम करतात. ती न घालता ब्रॉथ तसाच बाटलीत भरला तर तो महिना-दोन महिन्यांत निकामी होतो. शिवाय वाहकाला बाटलीनंतरही काम असते. पेरलेल्या दाण्यावर पुडीचे कण पेशीभोवती ओलावा धरून राहतात, नुसता द्रव सावलीतही लवकर सुकतो. बीजप्रक्रियेनंतर पाऊस लांबला आणि पेरणी दोन दिवस अडली, तर हा फरक मुळावरच्या गाठींत दिसतो.

बीजप्रक्रियेची रीत पाकिटावर ठळक छापा, कारण चांगले वाहक शेवटच्या अर्ध्या तासातही वाया जाऊ शकते. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम पाकात पूड ओतणारे लोक आजही आहेत. १० किलो सोयाबीनला ३०० ते ४०० मिलि खळ पुरते. जास्त झाली की सोयाबीनची साल सुरकुतून सुटते आणि उगवण घटते. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर सर्वांत शेवटी जिवाणू. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. आणि ३०-३५ दिवसांनी झाड उपटू नका, फावड्याने मातीसकट काढा. सोटमुळावरच्या गाठी कापल्यावर आत गुलाबी-लाल दिसल्या तर जिवाणू कामाला लागला आहे.

एक मागणी मात्र सगळ्यांनी मिळून कृषी विभागाकडे आणि त्यांच्यामार्फत केंद्र सरकारकडे करायला हवी. आदेशातली ३० ते ४० टक्के ओलाव्याची अट लिग्नाइट आणि कोळसा डोळ्यासमोर ठेवल्यास ठीक आहे. पण जिवाणूला टक्केवारी कळत नाही, त्याला सुटे, शोषता येईल असे पाणी लागते. कोकोपीट आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते. त्यात ४० टक्के ओलावा म्हणजे हाताला कोरडा भुसा. पाणी तंतूंत जखडलेले असते आणि पेशी तहानलेल्या राहतात. पीटमध्ये परदेशात ४० टक्क्यांच्या वरच काम चालते. म्हणजे कोकणातल्या एखाद्या कंपनीने कोकोपीटमध्ये उत्तम रायझोबियम टिकवला, तरी तो ओलाव्याच्या रकान्यात नापास होईल, आणि पास व्हायचे म्हणून कोरडा ठेवला तर पेशीच्या रकान्यात नापास होईल. ओलाव्याची मर्यादा वाहकानुसार वेगळी असावी आणि पाकिटावर वाहकाचे नाव व निर्जंतुकीकरणाची पद्धत छापणे सक्तीचे व्हावे. 'लिग्नाइट, तीनदा ऑटोक्लेव्ह' एवढे तीन शब्द छापायला काही खर्च येत नाही, आणि ते वाचून शेतकऱ्याला दोन पाकिटांतला फरक कळेल.

आपल्याकडून आम्ही या हंगामापुरते एक मागतो. मार्चमध्ये भरलेल्या पहिल्या बॅचची ३० पाकिटे काढून ठेवा. पंधरा तुमच्या थंड खोलीत, पंधरा तुमच्याच एखाद्या विक्रेत्याच्या गोदामात, माल जिथे खरोखर ठेवला जातो त्याच थप्पीत. भरल्याच्या दिवशी, ३० व्या, ६० व्या आणि ९० व्या दिवशी दोन्हीकडची तीन-तीन पाकिटे फोडा. जिवंत पेशी, परके जंतू, ओलावा आणि सामू मोजून आकडे कंपनीच्या फलकावर लावा, चांगले असोत वा वाईट. उरलेली तीन-तीन पाकिटे पेरणीच्या दिवसासाठी ठेवा आणि सभासदांसमोर मोजा.

आपले,
जिवाणू खतांच्या प्रयोगशाळांत काम करणारे आम्ही काही जण